पत्त्यावर माणूस हवा

माझ्या नणंदबाईंना गावातले निम्मे दुकानदार वचकून असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांना कधी पाहिलेलंसुद्धा नाही. मी त्यांना वन्सं म्हणते. हल्ली असं कुणी म्हणत नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा चिडवायचं म्हणून सुरुवात केली आणि मग तेच तोंडात बसलं. त्या माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. पन्नाशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही. आईवडिलांची दुखणी काढण्यात आणि धाकट्या भावाला मार्गी लावण्यात ते राहून गेलं. भाऊ मार्गी लागला, म्हणजे माझ्या पदरात पडला, आणि त्याबद्दल मी वन्संना अजून पुरतं माफ केलेलं नाही.

वन्सं चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर नोकरी करतात. खोली एकच. खिडकीशी मालकांचं टेबल, भिंतीशी वन्संचं, आणि कोपऱ्यात जाळीच्या कपाटात दिवसरात्र घोंघावणारी यंत्रं. आता हे काम काय, ते मला समजायला बरीच वर्षं लागली, म्हणून सोपं करून सांगते. एखाद्या दुकानाला स्वतःच्या नावाची वेबसाइट हवी असते, स्वतःच्या नावाचा ईमेल हवा असतो. ते नाव, म्हणजे डोमेन, कुठल्या तरी यंत्रावर मुक्कामाला ठेवावं लागतं. छापखानेवाले, पोहण्याचा क्लास, जनावरांचे डॉक्टर, पडदे शिवणारे अशी बरीच नावं त्या जाळीच्या कपाटात बिऱ्हाड करून आहेत. मालक गिऱ्हाइकं आणतात आणि वन्सं त्यांना शिस्त लावतात.

शिस्त अशी, की नाव इथे ठेवायचं असेल तर त्या नावावर ईमेलचे दोन पत्ते कायम चालू हवेत. एक पोस्टमास्टरचा, म्हणजे त्या नावाची मेल सांभाळणाऱ्याचा, आणि एक तक्रारींचा. तुमच्या नावावरून कुणाला फालतू मेल जायला लागल्या, किंवा तुम्हाला पाठवलेली मेल अडकून बसली, तर बाहेरच्या माणसाला येऊन कडी वाजवायला एक दार हवं. हा नियम काही वन्संनी काढलेला नाही, तो जगभर आहे. पण जगभर तो बहुतेक कागदावरच असतो. वन्संनी त्याच्याखाली करारात स्वतःच्या शब्दांत एक ओळ घातली आहे: हे दोन्ही पत्ते जिवंत माणसानं उघडून वाचायचे, तिथे आपोआप उत्तर देणारी सोय लावायची नाही. मालक म्हणाले होते, एवढं कोण पाळतंय. वन्सं म्हणाल्या, पाळतील.

आणि पाळायला लावलं. त्यांची एक पद्धत आहे. दर महिन्याला त्या कचेरीच्या पोस्टमास्टरच्या पत्त्यावरून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पोस्टमास्टरला एक प्रश्न पाठवतात, आणि तो असा असतो की यंत्राला उत्तर देता येऊ नये. आत्ता तुमच्या टेबलावर काय आहे? आज दुकानात पहिलं कोण आलं? उत्तर आलं की पत्त्यावर माणूस आहे, हे सिद्ध झालं. नाही आलं तर आधी फोन. फोननंही भागलं नाही तर वन्सं स्वतः जातात, पर्स मांडीवर ठेवून दुकानात बसतात, आणि समोरच्यानं मेलबॉक्स उघडून उत्तर लिहीपर्यंत उठत नाहीत. पोहण्याच्या क्लासवाल्या मास्तरांना एकदा त्यांनी पाण्यातून बाहेर काढून उत्तर लिहायला लावलं होतं. ते अंगाला टॉवेल गुंडाळून एका बोटानं टाइप करत होते, आणि वन्सं शेजारी उभ्या राहून फरशीवरचं पाणी बघत होत्या.

उत्तरं काय येतात, ते आम्हाला रात्रीच्या जेवणाच्या वेळी कळतं. छापखानेवाले काय वाटेल तो प्रश्न असो, 'काम' एवढंच लिहून पाठवतात. जनावरांचे डॉक्टर बहुधा 'कुत्रा' लिहितात. पडदेवाल्या बाई प्रश्नाचं उत्तर सोडून सुनेविषयी लिहितात. वन्सं प्रत्येकाचं दोन शब्दांत उरकतात आणि भाजी वाढून घेतात. आमचे हे त्यावर 'हं' म्हणतात. ह्यांचं 'हं' हे मी या घरात पाहिलेलं पहिलं आपोआप उत्तर. घराला आग लागली आहे असं सांगा, हे 'हं' म्हणतील आणि पान उलटतील. मी वन्संना अनेकदा म्हटलं, की तुम्ही गावभर शिस्त लावता, तुमच्या भावाच्या पत्त्यावर कधी माणूस होता का ते एकदा तपासा. वन्सं म्हणतात, ते नाव आता तुझ्या ताब्यात आहे, तक्रार तुझ्याकडेच.

पण एका गिऱ्हाइकाचं उत्तर त्या दोन शब्दांत उरकत नसत. ते गिऱ्हाईक म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे गृहस्थ. गावातल्या किराणा दुकानांचे, औषधवाल्यांचे, भंगारवाल्यांचे काटे त्यांच्याकडे तपासायला येतात. कुणाचा काटा कमी दाखवतो, कुणाचा जास्त, ते वजनं ठेवून बघतात आणि दुरुस्त करून देतात. आमच्या घरात त्यांचं नाव काटेवाले. टेबलावर काय आहे असं विचारलं तेव्हा त्यांनी लिहिलं होतं: 'किराणावाल्याचा काटा. तो म्हणतो काटा कमी दाखवतो. मी तपासला, काटा बरोबर आहे. तक्रार काट्याची नाही, त्याच्या नशिबाची आहे.' खिडकीतून काय दिसतं या प्रश्नाला उत्तर आलं: 'समोरच्या शाळेची भिंत आणि भिंतीवर मांजर. ते सकाळपासून माझ्याकडे बघतंय. तुम्ही पाठवलंय का?'

हे उत्तर वन्संनी आम्हाला वाचून दाखवलं नाही, पाठ म्हणून दाखवलं. म्हणजे दिवसभरात किती वेळा वाचलं असेल, ते मी मनातल्या मनात ओळखलं. मी घराच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करून देते. कोट सैल करणं, पँट आखूड करणं, चेन बदलणं, हा माझा धंदा. माप घेताना माणूस पोट आत ओढतो, ते मला न बघता कळतं. वन्सं काटेवाल्यांचं उत्तर सांगताना तसंच काहीतरी आत ओढून धरत असत.

एकदा त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं, दुकानात खुर्च्या किती. मुद्दाम सोपा प्रश्न, कारण आधीच्या महिन्यात छापखानेवाल्यांना फोन करावा लागला होता. काटेवाल्यांनी लिहिलं: 'दोन. एक माझी, एक बायकोची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही, त्यामुळे त्या खुर्चीवर कुणी भांडत नाही. पण गिऱ्हाइकाला ती द्यायला हात होत नाही. गिऱ्हाईक उभंच राहतं.' त्या दिवशी वन्सं जेवताना हे सांगून झाल्यावर भाजी वाढून घ्यायला विसरल्या. आमचे हे 'हं' म्हणाले, आणि मी त्यांना टेबलाखालून पाय मारला.

तुम्ही म्हणाल, मग दोघांनी भेटायचं होतं. तिथेच तर सगळं अडलेलं होतं. वन्सं फक्त उत्तर न देणाऱ्यांकडे जातात. काटेवाले प्रश्न गेला की त्याच दिवशी उत्तर देत, एकदाही चुकले नाहीत, आणि म्हणून त्यांच्या दुकानाची पायरी चढायचं वन्संना कधी कारणच मिळालं नाही. छापखान्यात त्या इतक्या वेळा जाऊन आल्या की तिथलं यंत्र त्यांना चालवता येईल. मी एकदा सहज सुचवलं, की जाताजाता काटेवाल्यांकडे डोकवावं, आपला स्वयंपाकघरातला काटा तरी दाखवावा. वन्सं म्हणाल्या, आपला काटा बरोबर आहे.

असं चाललं होतं. मग एका सोमवारी वन्सं घरी आल्या आणि जेवताना कुणाचंच उत्तर सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या नाहीत. रजा घेतली म्हणाल्या. या बाईनं तापात रजा घेतली नव्हती, वडील गेल्यावर चौथ्या दिवशी कचेरीत हजर होती. मी आधी घाबरले. मग पाहिलं तर त्या माझ्या खोलीत येऊन बटणांचा डबा जमिनीवर ओतून रंगाप्रमाणे लावत बसल्या होत्या. माझी बटणं मी मापाप्रमाणे लावते, रंगाप्रमाणे नाही. पण मी काही बोलले नाही, नुसती मशीन थांबवून बसले. अशा वेळी बोलण्यापेक्षा गप्प बसण्याचा माणसाला जास्त जाच होतो.

थोड्या वेळानं त्यांनीच सांगितलं. या महिन्याचा प्रश्न होता, दुकानातली सगळ्यात जुनी वस्तू कोणती. काटेवाल्यांनी लिहिलं होतं, 'मी.' आणि खाली पुढे लिहिलं होतं, की दूरच्या शहरात त्यांच्या भावाचं मोठं दुकान आहे, तो बोलावतोय. इकडे जागेचा करार संपतोय. शनिवारी एकतर नव्या करारावर सही करायची, नाहीतर घरमालकाला किल्ली द्यायची. मग शेवटी: 'इतकी वर्षं तुम्ही विचारलंत, मी उत्तर दिलं. आज मी विचारतो. मी जावं की राहावं? तुम्ही सांगाल तसं करीन.'

मी विचारलं, मग तुम्ही काय लिहिलंत? वन्संनी दोन निळी बटणं उचलली, हिरव्यांच्या शेजारी ठेवली आणि म्हणाल्या, काही नाही. रजा घेतली.

त्यांना कुणी असं कधी विचारलं नव्हतं, हे मला समजत होतं. या घरात त्यांना सगळ्यांनी विचारलं ते औषध कुठे आहे आणि वीजबिल भरलं का, एवढंच. त्यांच्या सांगण्यावरून कुणी गावात राहील किंवा गाव सोडेल, ही गोष्टच त्यांना झेपत नव्हती. मला त्यांची कणव आली. पण कणव आली की मला पाठोपाठ रागही येतो, ही माझी खोड आहे. मी म्हटलं, पोहण्याच्या मास्तरांना पाण्यातून ओढून काढणाऱ्या तुम्ही, आणि स्वतःवर वेळ आली तर शेपूट घालून बटणं निवडता? वन्सं म्हणाल्या, मला विचार करायला वेळ हवा. शनिवारपर्यंत वेळ आहे. मग म्हणाल्या, तोवर कुणाची अडचण होऊ नये म्हणून सोय करून आले आहे.

ही सोय काय होती, ते मी तेव्हा विचारलं नाही, हे वाईट झालं. बुधवारी त्यांनी माझे दोरे लावले. गुरुवारी माझ्या कात्र्यांना धार लावून आणली. मी ह्यांच्याकडे विषय काढला, तर 'हं.' माझा जीव टांगणीला लागला होता. शनिवार जवळ येत होता, आणि तिकडे तो भला माणूस मेलबॉक्स उघडून बघत असणार, हे डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मालकांचा फोन आला. ते इतक्या मोठ्यानं बोलत होते की मला शिलाईच्या आवाजातही ऐकू आलं. सगळ्यांची मेल बंद पडली होती. डॉक्टरांकडे कुत्री-मांजरं एकाच वेळेला येऊन थडकली होती, कारण कुणाची कुठली वेळ ठरली ते त्यांना मिळालंच नव्हतं. छापखानेवाले मालकांच्या डोक्यावर बसले होते. यंत्रात जागाच उरली नाही असं दिसतंय, मालक म्हणत होते, तुम्ही ताबडतोब या. वन्सं चपला घालून निघाल्या. मीही निघाले. मला चष्मेवाल्यांचा कोट पोचवायचा होता, निदान मी तसं सांगितलं.

वर जाऊन वन्संनी पडदा उघडून बघितला, म्हणजे कॉम्प्युटरचा. मी मागे उभी होते. आधी मला काही कळेना, कारण सगळ्या पडद्यावर दोनच ओळी होत्या, आळीपाळीनं. एक: 'आपला निरोप मिळाला. योग्य वेळी उत्तर देऊ. धन्यवाद.' दुसरी: 'दुकान बंद होत आहे. आजवरच्या विश्वासाबद्दल आभार.' पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी. वन्सं खाली खाली जात होत्या आणि ते संपत नव्हतं. हजारो वेळा दोघांनी एकमेकांचे आभार मानले होते. दोन सभ्य माणसं दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत अडून बसावीत आणि त्यापायी मागच्या सगळ्यांचा रस्ता बंद व्हावा, तशी गत झाली होती.

मला हसू फुटलं. मालकांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी विचारलं, हा पहिला कोण? वन्सं म्हणाल्या, मी.

बाईंनी जाताना कचेरीच्याच पोस्टमास्टरच्या पत्त्यावर आपोआप उत्तर देणारी सोय लावली होती. जी गावात कुणालाही लावू देत नाहीत, ती. आणि अशी सोय लावताना एका चौकोनात खूण करायची असते, एका माणसाला एकदाच उत्तर जावं म्हणून. त्या नेहमी सगळ्यांना बजावतात की ही खूण विसरलात तर दोन यंत्रं एकमेकांना जन्मभर उत्तरं देत बसतील. स्वतः तीच खूण करायला विसरल्या होत्या. कुठल्या मनःस्थितीत विसरल्या, ते मला माहीत होतं. मालकांना नव्हतं, त्यामुळे ते नुसते तोंड उघडून बघत राहिले.

वन्संनी आधी आपली सोय काढून टाकली. मग तो आभारांचा ढीग उपसायला घेतला. उपसत उपसत त्या अगदी तळाशी पोचल्या, जिथून हे सुरू झालं होतं. तिथे काटेवाल्यांच्या स्वतःच्या हातच्या दोन ओळी होत्या. गुरुवारी सकाळी त्यांनी विचारलं होतं, 'माझा प्रश्न पोचला का?' त्यावर आमच्या यंत्रानं सांगितलं होतं, आपला निरोप मिळाला, योग्य वेळी उत्तर देऊ, धन्यवाद. त्यानंतर दुपारपर्यंत काही नाही. आणि मग त्यांनी लिहिलं होतं, 'बरं. समजलं.' तेवढ्या वेळात त्यांनी आपल्या पत्त्यावर दुकान बंद होत असल्याचं उत्तर लावून टाकलं होतं. त्या 'समजलं'चेही आमच्या यंत्रानं आभार मानले, त्यावर त्यांच्या यंत्रानं, आणि तिथून पुढे काही थांबलं नाही.

माझं हसू तिथल्या तिथे आटलं. वन्सं त्या दोन ओळींकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि मला त्या क्षणी त्यांच्यावर इतकी माया आली की मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी आमच्यात असलं काही चालत नाही. त्यांनीही तो हात झटकला नाही.

तोवर यंत्र मोकळं होऊन मेल धावायला लागल्या होत्या. डॉक्टरांचा फोन आला, की कळलं कोण कधी येणार होतं, पण आता सगळी आलेलीच आहेत. मालकांचा जीव भांड्यात पडला आणि मग त्यांना नियम आठवले. पोस्टमास्टरच्या पत्त्यावर आपोआप उत्तर लावणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं. वन्सं कोरड्या आवाजात म्हणाल्या, आधी फोन, मग भेट, आणि तरीही पत्त्यावर माणूस नसेल तर नाव बंद.

त्यांनी फोन लावला. तो वाजलाच नाही, बहुतेक काढून ठेवला होता. मालक म्हणाले, सोमवारी जाऊन या मग, घाई नाही. वन्संनी पर्स आवरायला घेतली, सावकाश, एक एक वस्तू. सोमवार म्हटल्यावर त्यांना सुटल्यासारखं वाटलं की बुडाल्यासारखं, हे मला कळेना, आणि मी थांबलेही नाही. मी म्हटलं, सोमवारी तिथे कुलूप असेल, वन्सं. आत्ता चला.

काटेवाल्यांचं दुकान शाळेच्या समोर, एका लांबट खोलीत. दार उघडं होतं. आत खोकी, जुनी वर्तमानपत्रं, कागदात गुंडाळलेले काटे. लोखंडी वजनं मोठ्यापासून छोट्यापर्यंत रांगेत मांडलेली होती आणि एक सडपातळ गृहस्थ बाह्या वर करून ती खाली बसून एकेक पेटीत ठेवत होते. त्यांनी वर पाहिलं. मी काही बोलायच्या आत ते वन्संकडे बघून उठून उभे राहिले. त्यांनी वन्संना आधी कधी पाहिलं नव्हतं, पण मांडीवर ठेवायच्या बेतानं दोन्ही हातांत धरलेली ती पर्स गावात प्रसिद्ध आहे.

खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर खोकं होतं. दुसरी रिकामी होती, तिच्यावरची धूळ त्यांनी आपल्या रुमालानं झटकली, आणि ती वन्संच्या पुढे ठेवली. वन्संना ती कुणाची खुर्ची ते माहीत होतं. त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या आणि मग बसल्या. मी आपली दाराशी उभी राहिले. गिऱ्हाईक उभंच राहतं, हे मला पाठ होतं.

वन्संनी घसा साफ केला आणि कचेरीच्या आवाजात सुरुवात केली. तुमच्या पोस्टमास्टरच्या पत्त्यावर माणूस नाही, अशी नोंद आहे. काटेवाले म्हणाले, माणूस उद्यापर्यंत आहे. मग अजिबात न टोचता म्हणाले, तुमच्याही पत्त्यावर नव्हता. वन्संनी मान खाली घातली. नियमावर बोट ठेवून वन्संना गप्प करणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मग ते खोक्याच्या कडेवर टेकले आणि त्यांनी हातातल्या छोट्या वजनाकडे बघत सांगितलं,

"इतकी वर्षं मनात यायचं, एखाद्या महिन्यात उत्तर द्यायचं नाही. म्हणजे तुम्ही याल. सगळ्यांकडे जाता, असं ऐकून होतो. पण तुमचा प्रश्न आला की राहवायचंच नाही. लगेच लिहून मोकळा."

शाळेत कसली तरी घंटा झाली आणि पोरांचा गलका उठला. मी ओठ घट्ट मिटून धरले होते. माझ्या जिभेवर काय काय होतं ते सांगत नाही, पण आयुष्यात तोंडाला इतका आवर मी कधी घातला नव्हता, नंतरही नाही.

वन्सं म्हणाल्या, "ते उत्तर माझं नव्हतं. यंत्राचं होतं."

"मग तुमचं काय?"

वन्संच्या हातातली पर्स घरंगळून खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही.

"राहा," त्या म्हणाल्या.

काटेवाल्यांनी हातातलं वजन पेटीत न ठेवता पुन्हा जमिनीवरच्या रांगेत ठेवलं. मग पेटीतलं दुसरं काढलं आणि त्याच्या शेजारी ठेवलं. मग तिसरं. वन्सं खुर्चीत ताठ बसून ते बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मीही रडत होते, उगाच खोटं कशाला सांगू. तेवढ्यात वन्संना आपली नोकरी आठवली. त्या म्हणाल्या, आणि ते उत्तर आधी काढा पत्त्यावरून, माझ्यासमोर. काटेवाल्यांनी ते त्यांच्यासमोर काढलं.

शनिवारी त्यांनी करारावर सही केली. रात्री जेवताना मी हे सगळं ह्यांना सविस्तर सांगितलं, खुर्चीसकट, पर्ससकट. मला वाटलं, आता 'हं' येणार. ह्यांनी घास हातातच धरला आणि बहिणीकडे बघून विचारलं, रविवारी जेवायला बोलावलंस का त्यांना? म्हणजे या पत्त्यावर इतकी वर्षं माणूस होता, नुसता उत्तर देत नव्हता.

काटेवाले रविवारी आले, आणि नंतरही येत राहिले. आमचा स्वयंपाकघरातला काटा त्यांनी तपासला. तो बरोबर निघाला, वन्संनी सांगितलंच होतं.

वन्संचा प्रश्न अजून दर महिन्याला सगळ्यांना जातो. छापखानेवाले 'काम' लिहितात, डॉक्टर 'कुत्रा' लिहितात. काटेवाले मात्र आता उत्तर देत नाहीत. एकाही महिन्याला नाही. फोनही उचलत नाहीत. मग नियमाप्रमाणे वन्संना जावं लागतं. त्या दिवशी त्या निळी साडी नेसतात, पर्स घेतात, आणि माणूस उत्तर लिहीपर्यंत दुसऱ्या खुर्चीत बसून राहतात. माणूस फार सावकाश लिहितो, बहुधा दिवेलागण होते. मालक म्हणतात, इतकं त्रासदायक गिऱ्हाईक सगळ्या गावात दुसरं नाही, त्याचं नाव बंदच करून टाकू. वन्सं म्हणतात, नियम सगळ्यांना सारखा, आधी फोन, मग भेट.